मायाक्का, आपली सांगलीची खोली

मायाक्का,

काल तुझ्या तेराव्याला लोक फार चांगलं बोलले आणि मला भारी राग आला. कुणी म्हणालं, बाई स्वभावानं अगदी गरीब होत्या. कुणी म्हणालं, त्यांचा आवाज कधी चढला नाही. मी पदराखाली हात आवळून बसले होते. तू गरीब? सांगलीच्या मंडईत वांगीवाला तुला लांबून बघून टोपली मागं ओढायचा, हे त्यांना कुठं ठाऊक. माणूस गेलं की त्याला धुऊन, इस्त्री करून घडी घालतात. ती घडी मला बघवेना, म्हणून लिहायला बसले आहे. तुझं गाव, तुझी नोकरी, बदल्या, सत्कार, सगळं भाषणांतून येऊन गेलं. त्यात आपली खोली कुठंच नव्हती. मला मात्र काल दिवसभर तीच दिसत होती.

ती खोली लामाच्या दिवसांतली. लाम म्हणजे दुसरं महायुद्ध, हे आता सांगावं लागतं. आमच्या पलूसकडच्या गावात तेव्हा घरटी एक तरी माणूस पलटणीत होता. माझा थोरला भाऊ, दादा, हवालदार. त्यानं आपल्याच पलटणीतल्या सोबत्याशी माझं लग्न लावून दिलं, आणि वर्षाच्या आत तो सोबती ब्रह्मदेशाकडं गेला तो परत आलाच नाही. मी एकोणीस वर्षांची, सातवी पास, मोकळ्या कपाळाची, माहेरी चुलीपुढं. जन्मभर तिथंच बसायचं, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळलेलं होतं. दादाला ते बघवत नसावं. रजेवर आला तेव्हा त्यानं सांगलीला मास्तरणीच्या ट्रेनिंगची चौकशी केली, वडिलांशी भांडला आणि मला पाठवलं. पाठवताना मात्र बजावलं.

"शांते, येकटीनं ऱ्हायला जमलं तर ऱ्हा. तुजी कागाळी कानावर आली, तर मी यिऊन घिऊन जानार. मग सांगलीचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे ट्रेनिंगची परीक्षा नंतर, त्याच्या आधी ही. नापास झाले की चूल.

आणि तू जतच्या पलीकडची, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली. मामानं हट्टानं जतला ठेवून शिकवलेली. नवऱ्यानं दुसरी आणली त्या दिवशी घोंगडं खांद्यावर टाकून निघालेली. एक विधवा आणि एक नवऱ्याला सोडून आलेली. ट्रेनिंगच्या बाकीच्या बायका आपल्याला खोलीत घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून आपण एकमेकींच्या वाट्याला आलो. घरमालकीण काकूंच्या घराच्या मागच्या अंगणातली ती खोली. एक दार, एक खिडकी, भिंतीत एक फडताळ. तू आत आलीस, वर बघितलंस आणि म्हणालीस, "आगं, आभाळ कुठं गेलं?" मला वाटलं, ही बाई काही महिनाभर टिकत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात परात पुढं ओढली. स्वयंपाक हे माझं राज्य. गुऱ्हाळ लागलं की आमच्याकडं वीस-पंचवीस माणसं जेवायला असायची, त्यांचं करून मी वाढलेली. शेगडी तू पेटवून दिलीस, मी भाकरी थापायला बसले. एक झाली, दुसरी झाली, हात थांबेचना. भाकरी ठेवायची बुट्टी भरली. तू दारात बसून बघत होतीस. मग विचारलंस, "शांते, लगीन कुनाचं हाय गं?"

तेव्हा मला कळलं, की मला दोघींचा स्वयंपाक येतच नाही. पीठ किती घ्यायचं हे माझ्या हाताला ठाऊक होतं, पण तो हात पंचवीस माणसांचा होता. रेशनचे दिवस, घरून बांधून दिलेलं पीठ दिवाळीपर्यंत पुरवायचं होतं, आणि मी पहिल्याच दिवशी हे करून बसले. मी रडायला लागले. तू हसत होतीस. दुसऱ्या दिवशी आपण त्या भाकरी दह्याशी खाल्ल्या, तिसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकल्या, आणि उरल्या त्या काकूंच्या गाईला घातल्या. नंतर कितीतरी दिवस मी परात घेतली की तू माझ्या हातातून पिठाचा डबा काढून घ्यायचीस आणि स्वतःच्या मुठीनं पीठ टाकायचीस. मला त्याचा फार राग यायचा.

पण खरी फजिती पुढं होती. आमच्याकडं बायका बाजाराला जात नसत. बाजार पुरुषांनी आणायचा, आम्ही तो निवडायचा. पंचवीस माणसांचं रांधणारी मी, पण दुकानदाराशी काय बोलतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा एकटी मंडईत गेले, वांग्यांच्या टोपलीपुढं मान खाली घालून उभी राहिले, त्यानं सांगितले तेवढे पैसे दिले आणि वर "बरं" म्हणून आले. घरी तू वांगी चिरायला घेतलीस. पहिल्या वांग्यात अळी. दुसऱ्यात अळी. तू प्रत्येक अळी काढून माझ्यापुढं ठेवत होतीस. "ह्यो तुजा पाव्हना. आन् ह्यो त्येचा मेव्हना."

तुझी आई आठवडी बाजारात घोंगडी आणि लोणी विकायची. तिच्याशेजारी बसून तू बाजार शिकलीस, पण विकणाऱ्याच्या बाजूनं. म्हणून तुला त्याच्या मनातलं आधी कळायचं. दुसऱ्या दिवशी तू मला हाताला धरून नेलंस. मंडईच्या तोंडाशी थांबवून म्हणालीस, "पिशवी घडी घाल आन् कमरंला खोच. पिशवी दिसली की भाव चढतोय. आदी रिकाम्या हातानं समदा बाजार हिंडून ये. नुसतं इचारत जा. काय घ्यायाचं न्हाई."

"न घेता नुसतं विचारायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक भाव म्हनतील. दुसरं काय म्हनत्यात?"

मी हिंडले. घाम फुटला, पण हिंडले. वांग्याचं देठ बघायचं, काटे टोचले तर ताजं. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, वरचा नाही. विकणाऱ्याला घरी जायची घाई कधी होते ते ताडायचं आणि तेव्हाच टोपलीपाशी जायचं, तोवर देवळाच्या पायरीवर बसायचं. हे सगळं तू मला शिकवलंस ते तोंडानं कमी आणि कोपरानं जास्त. मी चुकले की तुझं कोपर माझ्या बरगडीत. एका संध्याकाळी मी तुझ्याविना जाऊन मेथी, मिरच्या आणि दाराला एक कुलूप घेऊन आले. तू प्रत्येक मिरची उलटीपालटी करून बघितलीस आणि काहीच बोलली नाहीस. ते तुझं काहीच न बोलणं मी मनात किती दिवस घोळवलं, तुला कल्पना नाही.

एक धास्ती मात्र कायम होती. आमच्या गावचे लोक गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत यायचे. येताना गाडीतून गूळ यायचा, जाताना बातम्या जायच्या. त्यामुळं मंडईत आमच्याकडचा पटका दिसला की मी लोणच्याच्या बरण्यांआड व्हायची. तू तिथंच उभी राहून मोठ्यानं म्हणायचीस, "शांते, भाईर ये. त्यो मानूस मिरजंचा हाय." कधी तो खरंच मिरजेचा असायचा, कधी नसायचा.

आता कुलपाचं. काल कुणीसं म्हणालं, बाई फार व्यवस्थित होत्या. तुला दार लावायलासुद्धा मी शिकवलं, हे त्यांना कोण सांगणार? तुला कडी घातली की गुदमरायला व्हायचं आणि कुलूप म्हणजे तर अपमान वाटायचा. "आमी कवा लावलंच न्हाई. मेंढराला कोन कुलूप घालतंय?" मी आणलेलं कुलूप पहिल्यांदा तू लावलंस आणि किल्ली तिथंच, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून वर्गाला आलीस. का, तर हरवायला नको. मी कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून दार माझ्याकडं आणि आग तुझ्याकडं, अशी वाटणी झाली. आपल्याला वाटलं, फार शहाणपणाची वाटणी झाली.

त्या वाटणीनंच आपण मरायला टेकलो होतो. नदीकडून वारं सुटलेलं, थंडी मरणाची. तुझी सवय उघड्या माळावरची. थंडी वाजली की आग जवळ घ्यायची. तू कोळशाची शेगडी खोलीत मधोमध आणून ठेवलीस. माझी सवय घरातली. थंडी वाजली की सगळं बंद करायचं. मी दाराला कडी घातली आणि खिडकीच्या फटीत तुझं घोंगडं कोंबलं. तुझी आग आभाळाखाली जळायची, आमच्या चुलीवर कौलांत धुराडं होतं. बंद खोलीत कोळसा काय करतो, हे दोघींनाही माहीत नव्हतं. आपण पाठ करत बसलो. माझं डोकं जड झालं, मला वाटलं अभ्यासानं. तू म्हणालीस, "शांते, आक्षरं हलाय लागली." मग मला काही आठवत नाही. तू रांगत दारापर्यंत गेलीस, कडी काढलीस आणि मला पाय धरून अंगणात ओढलंस. काकू कांदा फोडून नाकाशी धरत होत्या. डोळे उघडले तेव्हा तू तुळशीपाशी बसून ओकत होतीस, आणि ओकता ओकता मला शिव्या देत होतीस, कानडीतून. तेवढ्यात मला कळलं, की आपण दोघी जिवंत आहोत.

गंमत म्हणजे जीव वाचल्याचा आनंद मला सकाळपर्यंतच टिकला. सकाळी आमच्या भावकीतले तात्या गुळाच्या गाडीबरोबर आले होते, ते आईनं दिलेलं गाठोडं घेऊन दारात उभे. आणि काकूंनी त्यांना सगळं हातवारे करून सांगितलं. तात्या पाणीसुद्धा न पिता निघाले. मी तुला म्हटलं, "संपलं. दादा रजेवर आलाय. आता येणार." तू शेगडीतली राख काढत होतीस. "येऊं दे. मानूसच हाय न्हवं?"

तो आला. खाकी कोट, पायात पलटणीचे बूट. खोलीत उभा राहून त्यानं असं बघितलं, की आपण दोघी आपोआप भिंतीला लागून उभ्या राहिलो. अंथरुणांच्या घड्या बघितल्या. पाण्याच्या घागरीवरचं झाकण उचलून बघितलं. खिडकी उघडून बघितली, मिटून बघितली. मग कुलूप हातात घेतलं.

"ह्ये कुनी आनलं?"

"मी."

"कुटनं?"

"बाजारातनं."

"कुनासंगट गेली हुतीस?"

तू माझ्याकडं बघत नव्हतीस, मुद्दाम. मी म्हटलं, "येकटी."

दादानं कुलूप खाली ठेवलं आणि म्हणाला, "भूक लागलीया. वाढ."

मी पिठलं केलं. जन्मात एवढं जपून कधी केलं नाही. भाकरी मोजक्या, एकही उरली नाही. दादा खाली मान घालून जेवला. हात धुवायला मागच्या मोरीवर गेला, तिथं तू भांडी घासत होतीस. आतून मला तुम्ही दोघं दिसत होता. त्यानं काहीतरी विचारलं. तू राखेचे हात तसेच ठेवून काहीतरी सांगितलंस. मग तो आत आला, टोपी घातली आणि म्हणाला, "बरं. पुढल्या सुट्टीला बगू. शेगडी भाईर ठिवत जावा." आणि गेला. मला न घेता गेला.

मी नाचायची बाकी राहिले. तुला विचारलं, मोरीवर काय म्हणाला? तू म्हणालीस, "पानी मागितलं."

पुढं दोघी पास झालो. तुझी शाळा जतकडं, माझी पलूसकडं. सुट्टीत भेटायचो आणि भांडायचो. तू खिडकी उघडायचीस, मी बंद करायची. तू म्हणायचीस मी डाळीत पाणी जास्त घालते, मी म्हणायची तुला डाळ कधी कळलीच नाही. नोकरी संपल्यावर पुन्हा सांगलीतच दोन खोल्या घेतल्या, तेव्हा लोकांनी विचारलं, या बायका एकत्र राहतात तरी कशाला, यांचं पटत तर काहीच नाही. नव्या कुणाशी ओळख झाली, की मी ती दादाच्या तपासणीची गोष्ट सांगायची. एकटी म्हणून कसं ठणकावून सांगितलं, पिठलं खाऊन दादा कसा गार झाला. तू भाजी निवडत ऐकायचीस आणि दर वेळी म्हणायचीस, "व्हय, पिठलं लय झ्याक झालं हुतं." एरवी माझ्या कुठल्याच पदार्थाला तू बरं म्हटलं नाहीस. एवढं एकच पिठलं तू कसं सोडलंस, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

काल सगळे गेले आणि दादा तेवढा थांबला. तो आता काठी टेकत चालतो, एस.टी.ची पायरी चढायला त्याला माणूस लागतं. तरी आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "चल आता घरला. सूनबाईनं तुजी खोली झाडून ठिवलीया." मला हसू आलं. मी म्हटलं, "दादा, मला न्यायाला तू मागंबी आला हुतास. तवाच तुज्या परीक्षेत मी पास झाले."

दादा माझ्याकडं बघतच राहिला. "कसली पास? पिठलं खारट हुतं."

मग त्यानं मला मोरीवरचं सांगितलं. तो म्हणाला, "मी तिला इचारलं, खरं सांग बाई, हिला येकटीला ऱ्हायला येतंय का? ती म्हनली, न्हाई येत. तोंडावर म्हनली. मग म्हनली, दादा, मलाबी येत न्हाई. तिला न्हेलंसा तर मलाबी जावं लागंल, आन् मला जायाला जागा न्हाई. आता काय करनार? येकीला घरी आनायला गेलो हुतो, दोघींचं कशाला मोडू? आलो परत."

मायाक्का, मला आधी संताप आला. आजवर मी ती गोष्ट किती लोकांना सांगितली, आणि तू भाजी निवडत ऐकत बसलीस. तू जिवंत असतीस तर महिनाभर तुझ्याशी बोलले नसते. तुला एकटीला राहायला येत नव्हतं? माळावर, लांडग्यांच्या मुलखात, घोंगडं पांघरून झोपलेली तू. तुला कुठल्याही झाडाखाली संसार मांडता आला असता. दोघींतली तयार बाई तू होतीस, आणि मला ठेवून घेण्यासाठी तू दादापुढं स्वतःला माझ्याएवढी करून घेतलीस. पुन्हा मला त्याचा पत्ता लागू दिला नाहीस. मला माझं जिंकणं किती प्यारं आहे, हे तुला ठाऊक होतं. माझी नोकरी, माझ्या हाताखालून गेलेली पोरं, माझं ताठ मानेनं चालणं, हे सगळं तुझ्या त्या एका बोलण्यावर उभं आहे. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती. मानले असते तर तू म्हणाली असतीस, आदी डाळ नीट कर. तरी आज मानते. तुझे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि मला तुझी फार आठवण येते.

दादा तसाच बसून होता. त्यानं काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग विचारलं, "आता ती न्हाई. खरं सांग, येकटीला ऱ्हायला येतंय का तुला?"

मी विचार केला. लग्नाआधी भरलेलं घर, नंतर तेच घर, मग तू. नोकरीच्या गावी कधी भाची, कधी शिपायाची बायको, कुणी ना कुणी सोबतीला असायचंच. मग पुन्हा तू. एवढं वय झालं, पोरींना मी स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवत आले, आणि एकटी अशी मी एक दिवससुद्धा राहिलेले नाही. या वेळी माझ्या वतीनं बोलायला मोरीवर कुणी नव्हतं.

"न्हाई येत," मी म्हटलं. "पन शिकंन."

दादानं काठी उचलली. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच परत गेला.